सात मिनिटं मुका रेडिओ

भर रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत, सकाळी दहाला, अहेरीजवळच्या गावरेडिओची वाचा बसली. सात मिनिटं आवाज नाही. मग काही झालंच नाही अशी गाणी लागली.

आणि बसली नेमकी कधी? तर गावची सुईण मनकर्णाबाई बोलत असताना. तिची सून बाळंतपणात अडली, ॲम्बुलन्स आली नाही, पोरगी वाटेत बैलगाडीतच दगावली. "तवा गाडी कुठी होती ते सांगतो," एवढं बाई बोलली आणि रेडिओ गप्प.

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापक प्रफुलनं तक्रार दिली. टेकडीवरचा ट्रान्समीटर शफी सांभाळतो, त्यानंच मुद्दाम बंद केला म्हणे. मनकर्णाबाईनं शफीच्या दारात उभं राहून त्याला शिव्या घातल्या. हिच्याच हातावर शफी जन्मला होता. तेव्हापासून तो जेवला नव्हता.

"मॅडम, नोकरी गेली तं जाऊ द्या," तो उपनिरीक्षक रंजीताला म्हणाला. "पन बाईले वाटते मी इकलो गेलो. ते नाई सहन होत."

रंजीतानं प्रफुलला विचारलं, "तुम्ही कुठं होता?"

"आलापल्लीच्या रस्त्यावर. जीपमध्ये आपलाच कार्यक्रम ऐकून राह्यलो होतो."

"मग काय झालं?"

"एकदम खरखर सुरू झाली. सात मिनिटं नुसती खरखर. तवाच म्हटलं, शफीनं घात केला."

प्रफुलनं रुमालानं कपाळ टिपलं. अत्तराचा वास आला.

निवेदिका ज्योत्स्ना त्या वेळी आत माइकपाशी बाईसोबत होती. शेजारच्या यंत्रांच्या खोलीत कोण आलं-गेलं ते तिला दिसलं नव्हतं, मधे भिंत.

"त्या सात मिनिटांत बाई काय बोलली?"

"गाडी खुर्च्या भरून कोनाच्या तरी वास्तूले गेली होती, एवढंच. कोनाच्या, ते तिलेबी मालूम नाई."

रंजीता बांधावर गेली. पळसाच्या फांदीला रेडिओ टांगून तिथं रोज वीस बाया रोवणा करतात. शकुबाई चिखलातून वर आली.

"काल रेडिओ खरखरला का?"

"नाई बाई. मुका झाला. आमाले वाटलं, मनकर्णाले रडू कोसळलं असन. म्हनून आमीबी कामं थांबवून, मान खाली घालून चुप उभ्या राह्यलो."

कोण्या नालायकानं केलेल्या गप्पपणाला या बाया दुखवटा समजून उभ्या होत्या. रंजीताला किळस आली.

तिनं ॲम्बुलन्सच्या ड्रायव्हरला गाठलं आणि संध्याकाळी सगळ्यांना केंद्रातल्या यंत्रांच्या खोलीत बोलावलं. मनकर्णाबाई भिंतीशी बसली, शफीकडं पाठ करून.

"शफी, टेकडीवर मी शिपाई बसवलाय, त्याला फोन लाव. ट्रान्समीटर बंद करायला सांग."

टेबलावरचा रेडिओ खरखरू लागला.

"आता चालू करायला सांग. आणि ज्योत्स्ना, तू इथलं आवाजाचं बटण खाली ओढ."

खरखर थांबली. चिडीचूप.

"समजलं? टेकडीवर बंद केलं तर रेडिओ खरखरतो. इथं आवाज दाबला तर मुका होतो. वीस बायांचा रेडिओ मुका झाला. म्हणजे शफीनं काही केलं नाही, कोणीतरी या खोलीत येऊन बटण ओढलं. आणि प्रफुलभाऊ, खरखर फक्त तुम्हालाच ऐकू आली. कारण तुम्ही ऐकतच नव्हता. इथं उभे होता. ट्रान्समीटर बंद पडला की रेडिओ खरखरतो, एवढं ठाऊक होतं म्हणून तेच ठोकून दिलं."

"मी काऊन असं करीन?"

"खुर्च्या तुमच्या भावाच्या वास्तुशांतीच्या होत्या. गाडी तुम्हीच मागवलीत, ड्रायव्हरनं लिहून दिलंय. वर तक्रारही तुमचीच. चोराच्या उलट्या बोंबा. आणि गंमत सांगू? बाईला तुमचं नाव माहीतच नव्हतं. गप्प बसला असता तर कधी कळलंही नसतं."

प्रफुल खुर्चीत बसला. "सातच मिनिटं होती, मॅडम."

"याला बाहेर न्या," रंजीता शिपायाला म्हणाली. "मला याचं तोंड बघवत नाही."

मनकर्णाबाई उठली आणि शफीसमोर उभी राहिली.

"मीनंच तुही नाळ कापली, अन मीनंच तुले शिव्या देल्या."

"राहू दे माय."

"जेवला का?"

"नाई."

"माह्या घरी चाल. पन पयले ते बटन वर कर."

शफीनं केलं. बाई आत जाऊन माइकसमोर बसली, पदर सावरला आणि सुनेच्या नावानं सुरुवात केली. दुसरं नाव तिनं प्रफुलचं घेतलं.