नऊ मीटर

परत तेच सांगायला लावताय. दिवसभर म्हातारा कुठे आहे याची चौकशी नाही, अंधार पडला की बरे आजोबा आठवतात. बसा. मधे कुणी "मग काय झालं" केलं तर उठून जाईन.

शिंपी माझ्या ओळखीचा. माझ्या दोन विजारी त्यानेच शिवल्या, त्यातली एक तोकडी. त्याचा धाकटा भाऊ दोन वर्षांपूर्वी तापाने गेला. त्या धाकट्याला एक खूळ होतं. रानात डबे लपवायचे. जागा मोबाइलवर टाकायची, आणि जगातल्या रिकामटेकड्यांनी ती शोधत यायचं. डब्यात वही. सापडला की वहीत नाव, तारीख, वेळ लिहायची आणि डबा होता तिथे परत ठेवायचा. झाला खेळ. त्याचा शेवटचा डबा आमच्या रानात होता. मी तेव्हा रानाच्या फाटकावर चौकीदार.

त्यांची आई शिंप्याच्या मागे लागली. "पहिल्या पानावर त्याच्या हातचं असेल ना रे काहीतरी? तेवढं आणून दे मला." घरात त्याच्या हातचं एक अक्षर नव्हतं. हल्ली सगळं मोबाइलात. लिहितो कोण?

एकवीस डिसेंबर, शनिवार. वर्षातली सगळ्यात लांब रात्र. संध्याकाळी पाचला शिंपी फाटकाशी आला, गळ्यात मापाची टेप तशीच.

"उद्या सकाळी जा की," मी म्हणालो.

"उद्या एकाचं लग्न आहे. कोट नेऊन द्यायचाय."

"मग एक ऐक. रानातून निघताना 'येतो' म्हणायचं नाही. सरळ 'जातो' म्हणायचं."

"काहीतरीच काय काका! 'जातो' म्हणतं का कुणी? अभद्र."

"घरात अभद्र. इथे नाही. कोळसा पाडणारी जुनी माणसं सांगायची, हे रान शब्दाला धरून बसतं."

"दिवसभर एकटे बसता ना, त्याने होतं असं," म्हणत तो हसत आत गेला.

पुढचं त्यानेच मागाहून सांगितलं. मोबाइलवर डब्यापर्यंतच्या अंतराचा आकडा उतरत होता. चारशे मीटर. दोनशे. साठ. एका जाड खोडाला ढोली होती. त्याने हात घातला. गार पत्रा लागला. डबा उघडला तर वही अगदी कोरडी, आणि पहिल्या पानावर धाकट्याचं मोत्यासारखं अक्षर. "शोधलंस? शाबास!" शिंप्याला भडभडून आलं. डोळे पुसून, खेळाचा नियम म्हणून, डब्यातल्या पेन्सिलीने शेवटी आपलं नाव, तारीख, ५.५० असं लिहिलं. वही खिशात घातली. डबा परत ढोलीत ठेवला. निघताना खोडावर हात टेकला आणि जन्माची सवय... तोंडातून निघून गेलं.

"येतो रे."

रान गप्प झालं.

मग मागून, अगदी साध्या आवाजात, चप्पल पायात सरकवताना माणूस बोलतो तसं...

"थांब. मी पण येतो."

शिंपी थांबला नाही. पळालाही नाही. वाट दिसावी म्हणून मोबाइल पुढे धरला. त्यावर डब्याचं अंतर तसंच लागलेलं होतं.

नऊ मीटर.

पन्नास पावलं चालला. नऊ मीटर.

ओढा ओलांडला. नऊ.

डबा मागे होता. ढोलीत. स्वतःच्या हाताने ठेवलेला...

नऊ.

मागे पाला वाजत नव्हता. तेच वाईट.

फाटकाशी आला. मोबाइल माझ्यापुढे धरला. मी आकडा बघितला. मग त्याच्या मागे बघितलं. काही नव्हतं. तरी फाटक लावायला मी पुढे झालो नाही.

घरापर्यंत मी सोबत गेलो. उंबरा ओलांडला तशी शिंप्याने कडी घातली. भिंतीवरच्या घड्याळात सात चाळीस. मोबाइलवर नऊ.

त्याने वही आईच्या हातात दिली. तिने चष्मा लावला. पहिल्या पानावरून बोट फिरवलं. एकदा. दोनदा. मग एकेक पान उलटत शेवटापर्यंत गेली, आणि थांबली. वर बघितलं.

"मग दाराला कडी कशाला घातलीस?"

शिंप्याच्या नावाखाली आणखी एक ओळ होती. शाईची. एकवीस डिसेंबर, ७.४०. तेच मोत्यासारखं अक्षर. मी बोट लावलं तर ओलं...

"आलो."

शिंपी जागचा हलला नाही. मीही नाही.

आईच उठली. तिने कडी काढली.

वही आजही त्या घरात आहे, जाऊन बघा. शिंप्याच्या बायकोचा भाऊ चारचौघांत म्हणाला, ती ओळ चौकीदारानेच लिहिली. मी! तिसरीत शाळा सुटली माझी, माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. त्या लेकाने अजून माझी माफी मागितलेली नाही. दुसरं कुणी नाही, शिंप्याचा मेहुणा.