सतरा नंबरचा बिल्ला

काम एवढंसं होतं. तारापूरच्या आमच्या रंगाच्या कारखान्यात गेटवरचं यंत्र बिल्ल्याच्या नंबरावर हजेरी नोंदवतं. मुंबईत बसून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या साहेबांना पडद्यावर नंबराऐवजी नावं हवी होती. मी ज्या संगणकीय भाषेत प्रोग्राम लिहितो त्या पीएचपीत त्यासाठी array_combine आहे. एकीकडे नावं द्या, दुसरीकडे नोंदी, ते जोड्या लावतं. अट एकच, दोन्हींचा आकडा सारखा हवा.

माझी नावं चाळीस, नोंदी एकेचाळीस. सकाळपासून सात वेळा एररची तीच लाल अक्षरं. डोक्याला नुसता ताप.

जास्तीची नोंद सतरा नंबरची. आत आला आठ दहाला, बाहेर गेलाच नाही. असा बिल्ला कुणाकडेच नव्हता. वैतागून मी गेटवरच्या शांतारामकाकांना गाठलं.

"सतरा देवूचा," ते हळूच म्हणाले. "चार वर्सांमागं गॅस सुटला, तवा आतच ऱ्हायला. बिल्लापन त्याच्यासंगं गेला. असू दे ना केदारभाऊ... कोनाला तरास नाय देत तो."

"काका, गॅस सुटला की याच यादीवरून माणसं मोजतात. एक कमी भरला तर आपला अंकुश मास्क लावून आत शोधायला जाईल. मेलेल्या माणसासाठी?"

बेटेगावचा अंकुश बचाव पथकात होता. रोज माझ्या डब्यातलं लोणचं तोच संपवायचा. मी unset लिहून सतरा नंबर उडवला. चाळीस नावं झरझर उमटली.

गुरुवारी दुपारी भोंगा वाजला, खराखुरा. मैदानात सगळे रांगेत उभे राहिले. तोंडाला ओले रुमाल, पिवळट धूर, ओळखू कुणीच येत नव्हतं. पडद्यावर चाळीस. काकांनी डोकी दोनदा मोजली. चाळीस. सगळे बाहेर आहेत, असं मीच सांगितलं. आत कुणी गेलं नाही.

तासाभराने धूर ओसरला, तेव्हा अंकुश दोन नंबरच्या शेडमध्ये सापडला. दाराच्या आतल्या बाजूला, कडीवर हात ठेवून.

"मग रांगेत चाळिसावा कोण होता, काका?"

काकांनी मैदानाकडे बोट केलं. "देवूच. यादीत एकेचाळीस असते तर... एक कमी भरला असता. कोनीतरी आत गेलं असतं."

तेव्हापासून मला माझाच संताप येतो.

आज सकाळी array_combine पुन्हा अडलं. अंकुशचं नाव मी स्वतःच्या हाताने काढलं, unsetची ओळही पुसली, म्हणून नावं एकोणचाळीस. नोंदी एकेचाळीस. जास्तीचे दोघे, सतरा नंबर आणि अंकुश, आठ दहाला आत आलेत.

मी एकही नोंद काढलेली नाही.