कोपऱ्यातला घास

जुन्नरात इंद्रायणीताईंच्या कारखान्यात जुन्या लुगड्यांच्या वह्या व्हायच्या. आत हातकागद, वर लुगड्याचे दोन थर, मध्ये चिंध्या भरून गोधडीसारखे टाके. पुण्याच्या प्रदर्शनात लोक त्यांच्यावरून नुसता हात फिरवत उभे राहायचे.

शिवणाऱ्या बायका गोधड्या शिवतच मोठ्या झालेल्या. गोधडीचा शेवटचा कोपरा बंद करण्याआधी त्यात भाकरीचा घास ठेवायचा, तिला उपाशी ठेवायचं नाही, ही आपल्याकडची रीत. ताईंनी वह्यांपुरती ती मोडली. "मुंग्या लागतात, गिऱ्हाईक ओरडतं," म्हणाल्या. बायकांनी आधी नाकं मुरडली, मग हातांना तशीच सवय लागली.

त्या सवयीनंच त्यांच्यातल्या प्रतिभाचा घात केला. तिची आई चिमाबाई डिंभ्याला वारली, तेव्हा तिचं हिरवं लुगडं प्रतिभानं मागून आणलं आणि त्याची एक वही आपल्या बालवाडीतल्या लेकीसाठी, समृद्धीसाठी, शिवली. कोपरा शिवला, दोरा तोडला. घास राहिला तो राहिलाच.

पोरीला वहीचं भारी वेड लागलं. उशाला घेऊन झोपायची. "आई, आजी गरम हाय," म्हणायची. प्रतिभाला हसू यायचं, डोळेही भरायचे.

मग समृद्धीला भूक लागायला लागली. भाकरीवर भाकरी! "खाऊ दे की, चांगलंच हाय," सुभाष, तिचा बाप, कौतुकानं म्हणाला. पण पोर वाळत चालली. फ्रॉक अंगावर लोंबायला लागला. घोडेगावच्या डॉक्टरांनी जंतांचं औषध दिलं, टॉनिक दिलं, शेवटी हात टेकले. वहीचं कापड मात्र फुगून गुबगुबीत झालं होतं.

दुपारी घर सुस्त असायचं. कवडसा सारवलेल्या जमिनीवरून सरकायचा, आणि त्या शांततेत कुणीतरी सावकाश, बिनदातांनी चघळत असायचं. प्रतिभा कान टवकारायची. आवाज थांबायचा.

कारखान्यात तिनं हे म्हाताऱ्या साळुबाईला सांगितलं. साळुबाईची सुई थांबली.

"घास घातलाता का गं?"

प्रतिभानं मान हलवली. "न्हाई."

"आगं बाई! आईचं लुगडं, आन् उपाशी शिवलंस?"

प्रतिभा तशीच उठली आणि मिळेल त्या जीपनं घरी आली. समृद्धी चटईवर पडलेली, डोळे उघडायचंही बळ नव्हतं. प्रतिभानं तिच्या डोक्याखालची वही ओढली, ब्लेडनं कोपरा उसवला, दुधात भाकरी कुस्करली.

"खा गं आये. पोट भरून खा, पण माझी पोर सोड."

तिनं घास आत सरकवला. आत ओल होती.

बोटांना हिरड्या लागल्या.

घास अलगद ओढला गेला.

हात झाडत, रडत तिनं कोपरा कसाबसा शिवला.

आणि समृद्धी सुधारली. अहो, खरंच सुधारली! गाल भरले, अंगणात पळायला लागली. सुभाषनं आळीत पेढे वाटले. फक्त ती ताटाला हात लावेना. जेवायच्या वेळी वही मांडीवर घेऊन बसायची, तोंड उघडायची, चावायची, गिळायची. "पोट भरलं," म्हणायची.

"माझ्या हातचा एक घास खा गं सोन्या. एकच!" प्रतिभा रोज विनवायची. तिच्या जिवाचं पाणी पाणी व्हायचं. ज्या पोरीसाठी एवढं केलं, ती तिच्या हाताकडे बघतही नव्हती.

एका दुपारी तिनं पदरानं लेकीची हनुवटी पुसली. पदराला नाचणीच्या भाकरीचा तांबूस कण लागला, ओलाचिंब. घरात बाजरी होती. चिमाबाईचं नाचणीचं वावर डिंभ्याच्या धरणात गेलं, त्यानंतर घरात कुणी नाचणी आणली नव्हती.

समृद्धीनं पुढच्या घासासाठी तोंड उघडलं. आईकडे पाठ करून.