आप्पांच्या हातचा ठोका

गेल्या दिवाळीत सौम्यानं वाघ पाहिलाच नाही, वाघ पाहणारी माणसं तेवढी पाहिली. एका पाणवठ्याभोवती सतरा जीपगाड्या, प्रत्येकीतून वर धरलेले मोबाइल, आणि त्या सगळ्यांच्या मधे कुठंतरी एक शेपूट. तिच्या वडिलांनी, नागोजी आप्पांनी, त्या गोंगाटात कानांवर जे हात ठेवले ते गाडी फाटकाबाहेर येईपर्यंत काढले नाहीत. म्हणून जानेवारीत तिनं त्यांना खानापूरच्या पुढं, भीमगडच्या रानात आणलं. इथं वाघ दिसायची हमी कुणी देत नाही, त्यामुळं गर्दीही होत नाही. मुक्कामाच्या जागी चार तंबू होते आणि त्यातले तीन रिकामे होते.

वाघाचं तिला तसं काही पडलं नव्हतं. आप्पांनी बोलावं, एवढंच तिला हवं होतं. बेळगावच्या शहापुरातल्या गल्लीत त्यांनी पन्नास वर्षं हातमागावर धोटा फेकत साड्या विणल्या. दसऱ्याला गुडघ्यानं हात टेकले, माग मोडून लाकडं माळ्यावर गेली, आणि त्या दिवसापासून आप्पांनी तोंड मिटलं ते मिटलंच. डॉक्टर म्हणाले, घसा ठणठणीत आहे, मन रमवा. सौम्या कॉलेजात फिजिक्स शिकवायची. मन रमलं की नाही हे कशानं मोजायचं, ते काही तिला उमगलं नव्हतं.

पहिल्या सकाळी वाटाड्या भरमू त्यांना ओढ्याच्या कडेनं घेऊन निघाला. पन्नाशीचा, रानातच वाढलेला माणूस. ओल्या पानांचा वास येत होता, धुकं अजून झाडांच्या कमरेपर्यंत होतं. चालता चालता आवाज आला.

खट्. खटाक्. खट्. खटाक्.

"लाकूड तोडतंय का कोण?" सौम्यानं विचारलं.

भरमूनं वर बोट केलं. फांदीवर एक काळा पक्षी बसला होता, शेपटीला दोन लांब तारा आणि त्यांच्या टोकाला पिसांचे गोंडे. "भृंगराज हाय आक्का. ऐकंल त्ये बोलतोय. घार काढतोय, माकड काढतोय, आमच्या जीपचा हॉर्न बी काढतोय. पर ह्यो आवाज म्या आजच ऐकतोय."

"धोटा," आप्पा म्हणाले.

सौम्या जागच्या जागी थबकली. साडेतीन महिन्यांतला हा पहिला शब्द होता.

"माग चाललाय," आप्पा पुढं म्हणाले. "दर दुसरा ठोका उशिरा पडतोय. डावा गुडघा दुखतोय त्येचा." मग बराच वेळ ऐकून ते हळूच म्हणाले, "माझाच हात हाय गं ह्यो."

तंबूत परतल्यावर तिनं मोबाइलवरचा जुना व्हिडिओ काढला. आप्पांच्या शेवटच्या साडीचा. सकाळचं रेकॉर्डिंग शेजारी लावून तिनं ठोक्यांमधली अंतरं मोजली. तीनदा मोजली, तीनदा जुळली. भरमू म्हणाला, ह्या रानाच्या आसपास माग कधी नव्हता, आणि ह्यो पक्षी रान सोडून जात न्हाय. आप्पा तर याआधी आयुष्यात या रानाकडं फिरकले नव्हते. सौम्याला भीती वाटली नाही. उलट कोडं सापडलेल्या विद्यार्थ्यासारखा तिला हुरूप आला. तिनं वही काढून तारीख आणि वेळ लिहिली.

दुसऱ्या दिवशी आप्पाच पुढं निघाले. झाडाखालच्या दगडावर डोळे मिटून बसले आणि ऐकता ऐकता सांगू लागले, कालच्याच्या पुढं सुरू झालंय, आता पदर धरलाय. जेवताना तर त्यांना किती बोलू आणि किती नको असं झालं. सौम्याची आई, बाळाबाई, सुताचे रंग कशी नाकानं ओळखायची, हे सांगून स्वतःच हसले. सौम्या हसत होती आणि भाकरीवर डोळ्यांतलं पाणी पडत होतं.

"कुणाची हो साडी एवढी?" तिनं गमतीनं विचारलं.

आप्पांनी जरा आठवून पाहिलं. "नाव न्हाय सांगितलं त्येनं. मागावरनं उतरवून ठेव म्हणालाय. झाली की न्यायला येतो म्हणालाय."

"कोण?"

आप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला. त्यांना प्रश्न ऐकू आलाच नसावा.

तिसऱ्या सकाळी ते दगडावर बसले आणि लगेच म्हणाले, "वीतभर राहिलंय."

वर आवाज चालू होता. सौम्यानं उघडलेली वही मिटली. का, ते तिला वहीत लिहिता आलं नसतं.

"आप्पा, चला घरी."

"होऊ दे की. वीतभर तर राहिलंय."

"नको. आत्ताच चला."

भरमू पुढं झाला, आप्पांच्या काखेत हात घालून त्यानं त्यांना उठवलं. गाडीत बॅग ठेवताना तो म्हणाला, "जावा आक्का. आज थांबू नगा."

आप्पा वाटेत एकदाही मागं वळले नाहीत. खानापूर ते बेळगाव अखंड बोलत राहिले, आणि सौम्याला वाटलं, आपण जिंकलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवताना भरमूचा फोन आला.

"माग थांबला आक्का. काल सांजच्याला."

"बरं झालं."

"व्हय. पर आता त्यो तुमचा आवाज काढतोय."

"माझा? 'चला घरी' म्हणाले होते मी, ते असेल."

"त्ये न्हवं. ऐका."

त्यानं फोन वर धरला असावा. ओढा ऐकू आला, पानं ऐकू आली. मग तिचाच आवाज आला, घोगरा, फाटलेला.

"आप्पा, उठा की. आप्पा."

थोडा वेळ गेला. परत तेच.

सौम्यानं हे कधीच म्हटलं नव्हतं.

तिनं गॅस बंद केला. साडेआठ वाजले होते. आप्पा निजलेल्या आतल्या खोलीचं दार अजून लोटलेलंच होतं. ती दारापाशी गेली. हाक ओठांवर आली होती, ती तिनं दातांखाली धरून ठेवली, आणि आतून श्वास ऐकू येतोय का, ते ऐकत उभी राहिली.