झाकणाचा स्विच

"ओ ताई, हात वाळू द्या आधी. ओल्या हातानं मशीनला हात लावू नका."

अंबिकानं मान वर केली. मेसच्या मागच्या दारात एक उंच, सडपातळ तरुण उभा होता. खांद्याला अवजारांची पिशवी, कपाळावर विभूतीचे पुसट पट्टे, आणि चेहऱ्यावर खरीखुरी काळजी.

"मी काय तुमची ताई हाय का?" ओढणीला हात पुसत तिनं विचारलं.

"न्हाई..." तो गडबडला. "म्हणजे... नाव माहीत न्हाई ना."

"मग विचारायचं की!"

तो मन्मथ. रेणापूरचा. लातुरातल्या हॉटेलांची, मेसची मशीनं दुरुस्त करायचा. ती कंधारची, मावशीकडे राहून कावेरीबाईंच्या मेसमध्ये ट्यूशनच्या पोरापोरींच्या डब्यांसाठी भाजी चिरायची. दुपार झाली की मात्र ती निराळीच असायची. खिडकीशी बसून नवऱ्यामुलींच्या ब्लाउजवर आरीवर्क करायची... सुईच्या टोकावर मणी उचलत, मोर, कमळं, वेली. लग्नसराईत तिच्याकडे ब्लाउजांचा ढीग असायचा.

भाजी कापायचं मशीन नवं होतं. त्या दिवशी त्याचा पट्टा सैल झाला होता, तो मन्मथनं बसवून दिला. पण पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला. मग त्याच्या पुढच्याही.

"आज काय बिघडलंय?" तिनं विचारलं.

"काही न्हाई."

"मग आलात कशाला?"

"बिघडायच्या आधी बघितलेलं बरं असतं."

"मशीन की मला?"

त्याच्या हातातला पाना खाली पडला. ती हसली ती हसतच राहिली... आणि तोही, कानापर्यंत लाल होऊन.

मशीनवर तिचा एकच राग होता. झाकण नीट बसल्याशिवाय ते चालूच व्हायचं नाही. पत्ताकोबीचं पान अडकलं की झाकण उघडा, पान काढा, झाकण लावा, परत चालू करा. नुसता वेळ जायचा.

"त्या झाकणाखालचा स्विच डायरेक्ट करून दे ना," एक दिवस ती म्हणाली. तोवर दोघं एकमेकांना अरे-तुरे करू लागले होते.

"न्हाई. त्यो तुझ्या हातासाठीच हाय. झाकण उघडलं की पातं थांबतं."

"मी काय लहान हाय का? बोटं न्हाई घालणार, ढकलणीनंच ढकलीन भाजी." मग तिनं आवाज खाली आणला. "काम जल्दी उरकलं तर... संध्याकाळी चहाला येईन की तुझ्यासंगं."

तो बराच वेळ स्क्रू-ड्रायव्हर बोटांत फिरवत बसला. मग त्यानं मशीन उलटं केलं. स्विच टाळून दोन वायरी जोडल्या. आता झाकण उघडलं तरी पातं फिरत राहणार होतं.

त्या संध्याकाळी त्यांनी पहिल्यांदा सोबत चहा घेतला. मग गंजगोलाईच्या बाजारात फिरणं सुरू झालं. ती मणी निवडायची, तो उजेडात धरून रंग सांगायचा... चुकीचाच. प्रत्येक भेटीत तो म्हणायचा, "ढकलणी वापरतीस ना?" ती म्हणायची, "हाव रे बाबा, हाव." वापरायची नाही. हातानं काम झटपट व्हायचं.

मग एका सकाळी त्याचा फोन आला. "आज आई येऊन राहिली रेणापूरहून. संध्याकाळी. तुला बघायला."

तिचं कामात लक्षच लागेना. साडी कोणती नेसायची, केसांत काय माळायचं... टोपलीतली कोबी संपता संपत नव्हती. शेवटच्या गड्ड्याचा देठ अडकला. तिनं झाकण उघडलं. पातं फिरतच होतं. तिनं घाईत बोटांनी देठ आत दाबला.

चहाच्या टपरीवर मन्मथ आणि त्याची आई वाट बघत होते. त्यानं पुन्हा पुन्हा फोन लावला. शेवटी कावेरीबाईंनी उचलला. त्या रडत होत्या.

उजव्या हाताची अंगठ्याशेजारची दोन बोटं अर्ध्यापासून गेली होती. डॉक्टरांनी जोडता येणार नाही म्हणून सांगितलं.

"झाकण उघडं असताना मशीन चाललंच कसं गं?" कावेरीबाईंनी दवाखान्यात विचारलं.

अंबिका भिंतीकडे बघत म्हणाली, "बिघडलं असंल, काकू."

"मी बिघडवलं," दारातून आवाज आला. मन्मथ उंबऱ्याच्या बाहेरच उभा होता. त्यानं सगळं सांगितलं. एकदाही तिच्या पट्टीकडे पाहिलं नाही. मग तो गेला... आणि आलाच नाही. फोन घेईना. लातूरचं काम सोडून गावी गेल्याचं नंतर कळलं.

जखम भरल्यावर अंबिका खिडकीशी बसली. आरीची सुई धरून पाहिली. धरता येईना. अंगठा आणि उरलेल्या बोटांत धरली तर मणी निसटून फरशीवर गेला. दुसरा उचलला, तोही गेला. संध्याकाळपर्यंत एक पाकळीसुद्धा झाली नाही. तिनं लोकांचे ब्लाउज घडी घालून परत पाठवले.

मग ती रेणापूरला गेली.

तो शेतात हरभरा उपटत होता. तिला बघून जागच्या जागी थांबला.

"फोन का घेत न्हाईस?"

"काय बोलू?"

"काही पण. शिव्या दे. पण बोल."

त्यानं हातातला हरभरा बांधावर ठेवला. मग तो म्हणाला, "माझं प्रेम हाय तुझ्यावर, अंबिका."

कितीतरी दिवस तिचे कान या एका वाक्यासाठी आसुसले होते. आणि तो ते असं म्हणाला, जसं कुणी मयताची बातमी सांगतं.

"मग चल ना माझ्यासंगं..."

"सकाळी तू चहा आणून देशील. कप धरशील. अन् मी रोज ती बोटं..."

"हट्ट माझा होता, मन्मथ. ढकलणी न्हाई वापरली ती मी."

"तुला त्या मशीनचं माहीत नव्हतं. मला माहीत होतं. तरी केलं."

तिनं उजवा हात पुढं केला. "धर."

त्यानं पहिल्यांदाच त्या हाताकडे पाहिलं. त्याचा हात उचलला गेला, अर्ध्यापर्यंत आला... आणि तिथंच थांबला. तो मटकन खाली बसला, तोंड झाकून.

ती वाट बघत उभी राहिली. हात तसाच पुढं. ऊन कलेपर्यंत. मग तिनं तो ओढणीखाली घेतला.

"माझी बोटं गेली, त्याचं मी सोसलं असतं," ती म्हणाली. "तू कशाला गेलास?"

मग ती बांधावरून स्टँडच्या वाटेला लागली.

लातूरच्या एसटीत शेजारी एक म्हातारी बसली होती. ओढणी सरकली तेव्हा तिला हात दिसला.

"काय झालं गं माय?"

"भाजी कापताना लागलं."

म्हातारीनं तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, मांडीवर ठेवला. "दुखतंय का अजून?"

अंबिका खिडकीबाहेर बघत राहिली. रेणापूर केव्हाच मागं पडलं होतं.

"हाव," ती म्हणाली, "लई दुखतंय, मावशी..." आणि तेव्हा कुठं तिला रडू फुटलं.