मनुक्याचं पाणी

दारू पिऊन गाडी चालवल्याची केस आली की गोरक्ष वकील आधी दोन गोष्टी बघत: यंत्रात फुंकर कधी मारली आणि रक्त कधी काढलं. राहात्याच्या कोर्टात बारा वर्षं ते अशिलांना एकच बजावत आले होते. पोलिसांशी हुज्जत घालू नका, दोन तासांच्या आत रक्त तपासा म्हणा, तो तुमचा हक्क आहे.

त्यांचा अशील सायमन यानं तसं काही म्हटलं नव्हतं, आणि तेच त्याच्या पथ्यावर पडलं. मित्राच्या शेडवर क्वार्टर मारून तो चर्चला गेला, तिथून पिकअप घेऊन निघाला आणि वळणावर गावातल्या यशयाच्या सायकलला धडकला. यशया जागीच गेला. रक्त काढलं साडेतीन तासांनी, म्हणून ते बाद. उरली फुंकर. वकिलांनी कोर्टात सांगितलं, अशील नुकताच चर्चच्या उपासनेतला प्रभुभोजनाचा प्याला घेऊन आला होता. घशात रेंगाळलेली वाईनच यंत्रानं पकडली.

चर्चचा तो प्याला भरणारी बाई यशयाची बायको होती. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात कृपाबाई म्हणाल्या, "वाईन कुटली साहेब? शनवारी मी मनुकं उकळते. त्याचं पानी असतं ते."

"रात्रभर ठेवलेलं पाणी आंबलं नव्हतं, हे शपथेवर सांगता?"

"शपथेवर कसं सांगू? मी काय रातभर बघत बसले न्हवते."

सायमन सुटला. कोर्टाच्या पायऱ्यांवर कृपाबाई वकिलांजवळ थांबल्या. आवाज चढला नाही. "तुमी आत जे बोलला, ते खरं व्हावं. एवढंच मागनं हाय माझं."

पुढच्याच रविवारी चर्चमधून पिकअप घेऊन निघालेल्या सायमनला पोलिसांनी पुन्हा अडवलं. या वेळी त्यानं हक्क मागितला. चाळीस मिनिटांत रक्त काढलं. रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा तीसची, आले एकशे दहा.

"सोडलीय साहेब मी. त्या प्याल्याशिवाय व्हटाला काय लावलं न्हाई."

वकिलांना हसू आलं. आकडा उतरतो हे दाखवायला त्यांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा रक्त काढायला लावलं. दवाखान्यात, पोलिसाच्या पहाऱ्यात, सायमन रात्रभर नुसत्या पाण्यावर होता. एकशे साठ. तिसऱ्या दिवशी दोनशे चाळीस. डॉक्टरांनी सुई बदलली, प्रयोगशाळा बदलली, आकडा चढतच गेला. सायमनला आता उभं राहता येत नव्हतं.

बचाव एकच उरला: सायमननं प्याल्याशिवाय काही घेतलं नव्हतं, आणि प्याल्यात दारू नव्हती. ते सांगू शकणारी बाईही एकच.

वकील कृपाबाईंच्या घरी गेले तेव्हा चुलीवर मनुके उकळत होते.

"कोर्टात सांगाल?"

"सांगन की. तवा बी तेच सांगत हुते." कृपाबाईंनी पळी पुढे केली. "चाखून बघा. न्हाईतर पुन्हा इचाराल, आंबलं हुतं का."

ते प्यायले. गरम, गोड. बाकी काही नाही.

तारखेला कृपाबाई वेळेवर आल्या आणि पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. वकील उठले. सकाळपासून त्यांनी चहासुद्धा घेतला नव्हता.

"कृपाबाई, त्या प्याल्यात..."

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. "वकीलसाहेब, तुम्ही पिऊन आलात?"

सरकारी वकिलांनी आपली खुर्ची हळूच लांब सरकवली.

कृपाबाईंनी पदर नाकाशी धरला आणि त्या पुढच्या प्रश्नाची वाट बघत राहिल्या.