एकोणसाठावी ओळ

प्रणितचं साक्षगंध मार्कंड्याच्या देवळात वेळेवर, हसतखेळत पार पडलं. हे तुम्ही ऐकलंच नाही असं समजा. कारण आदल्या सकाळी तो एटापल्लीपलीकडच्या तेंदूच्या फडावर, विडीची पानं वाळवायच्या मैदानात, अडकला होता आणि सुटायची चिन्हं नव्हती.

गणितात बी.एस्सी. झाल्यामुळे तो फडमुन्शी, म्हणजे फडावरचा हिशेबनीस होता. दुसरं कारण सापडत नाही. पानांची पुडकी उन्हात छान वाळली होती. फक्त पोती भरायची होती. पण गावाची रीत अशी, की आधी सगळी पुडकी सारख्या ओळींत मांडायची. एक जरी उरलं, तर कोणीतरी मोजायचं राहिलं म्हणून पोत्याचं तोंड शिवत नाहीत.

पुडकी होती तीस हजार एकतीस.

प्रणितनं मोबाइलवर दोनानं भागलं. एक उरलं. तीन, पाच, सात, अकरा, तेरा. दरवेळी एकच.

"मुखरूभाऊ, एक पुडकं फेकून देऊ का?"

"फेक नं बापू. मले काऊन इचारतं?" म्हातारा चौकीदार म्हणाला, पण त्यानं पुडक्यांकडे पाहिलं नाही.

प्रणितनं एक पुडकं नाल्यात भिरकावलं. बायकांनी दहा ओळी मांडल्या. शेवटी एक उरलं. ते ओलं होतं.

"नवरदेव, उद्या करिश्मा दुसऱ्याच्या गळ्यात माळ टाकते आता," त्यांच्यातली नीलाबाई म्हणाली. सगळ्या हसल्या. प्रणितही हसला, मग झाडाखाली बसून घाम पुसत पुढच्या एकेका आकड्यानं भागू लागला. हा आकडा एकाच जागी तुटत होता. एकोणसाठ ओळी, प्रत्येकीत पाचशे नऊ.

मांडल्या. एकही उरलं नाही. प्रणितनं उडीच मारली.

रीतीप्रमाणे एकेका घरानं एकेक ओळ धरली.

"भाऊ, गावात घरं किती?"

"अठ्ठावन."

"मंग ती शेवटची ओळ कोणाची?"

"भरून राह्यले नं ते," मुखरू हळूच म्हणाला. "तू तुह्या कामाकडे पाय."

प्रणितनं पाहिलं. जांभळाच्या सावलीतली ती शेवटची ओळ कमी होत होती.

दुपारी सगळी पोती भरली. सावलीतली पोती सगळ्यांत नीट भरली होती. त्यांची तोंडं हिरव्या वेलीनं शिवली होती.

नीलाबाईनं तिकडेही एक कप चहा ठेवला. कप रिकामा परत आला.

प्रणित खुशीत मोटारसायकलवर बसला. वाटेत तहसीलमध्ये थांबून त्यानं अर्ज दिला:

"महोदय, तेंदू फड असलेल्या सदर गावातील एकोणसाठावे घर नोंदीत नाही. कुटुंबप्रमुखाचे नाव कळले नाही. सदस्यसंख्या सांगता येत नाही. हात पुष्कळ दिसले. तरी प्रत्यक्ष पाहणी करून सदर घरास घर क्रमांक देण्यात यावा, ही नम्र विनंती."